मनाकोरची लाल माती

आमच्या आपाची लेक पंधरा वर्षांची आहे. टेनिस खेळते. या मे महिन्यात तीन आठवड्यांच्या सरावासाठी ती स्पेनच्या मायोर्का बेटावर गेली आहे. सोबत तिचे अब्बू, म्हणजे आमचे दुल्हेभाई. या प्रवासासाठी आपाने लग्नातला हार मोडला आणि घरात दोन तट पडले. आम्ही कोणत्या तटात होतो ते विचारू नका. पुढच्या वर्षी पोरीची दहावी आहे, आणि आमचा जन्म दहावीचे वर्ग शिकवण्यात गेला.

तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे चालतं. शनिवारी रात्री साडेअकराला फोन वाजला तेव्हा तिकडे आठ वाजले होते आणि खिडकीत अजून ऊन होतं. मगरिब नऊच्या सुमाराला होते, त्यामुळे जेवणाचं सगळं वेळापत्रक कोलमडलंय, असं दुल्हेभाई म्हणाले. पोरगी मात्र गप्प होती. थोडं खोदून विचारल्यावर सगळं बाहेर आलं.

ती राहते ते मनाकोर गाव राफाएल नदालचं. तो तिथेच 1986 साली जन्मला, काका टोनीच्या हाताखाली तिथेच शिकला आणि पुढे चौदा वेळा फ्रेंच ओपन जिंकला. त्याची मोठी अकादमी 2016 पासून त्याच गावात आहे. आपल्या पोरीची सोय झाली ती एका छोट्या क्लबात. खिसा बघूनच क्लब निवडावा लागतो. पण माती तीच. विटांची बारीक पूड पसरून केलेलं लाल मैदान, त्यावर रोज पाणी मारायचं. सोलापुरात ती सिमेंटच्या कोर्टावर वाढली. तिथे चेंडू सुसाट येतो. इथे तो टप्पा पडला की मंदावतो आणि खांद्यापर्यंत उसळतो. पाय रोवून थांबता येत नाही, घसरत जाऊन फटका मारावा लागतो. पहिल्या आठवड्यात दोन्ही गुडघे सोलून निघाले.

सकाळी नऊ ते अकरा सराव, मग दोरीच्या उड्या नि धावणं, आणि त्यानंतर एका स्पॅनिश मुलीबरोबर सामना. पंच कोणी नाही. अशा वेळी आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, ते आपणच पुकारायचं. आपली पोरगी 5-4 ने पुढे, सर्व्हिस तिची. 40-30. म्हणजे एका गुणावर सेट. समोरच्या मुलीचा फटका मागच्या रेषेपाशी पडला आणि हिने बोट वर केलं, आऊट!

मातीवर चेंडूची खूण उमटते. समोरच्या मुलीने खूण दाखवायला सांगितलं. तसा तिचा हक्क असतो, जाळी ओलांडून येऊन ती स्वतःही बघू शकते. ती आली. तोवर आपल्या पोरीने वळताना बुटाने ती जागा पुसून टाकली होती. खूण पुसली तर गुण समोरच्याचा, असा नियम आहे. 40-40 झालं, तो गेम गेला, सेट 5-7 ने गेला.

"खाला, मी मुद्दाम नाही पुसलं."

"बेटा, चेंडू बाहेर होता ना?"

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "मला नाही माहीत. मला तो बाहेर हवा होता."

वर्गात आम्ही इतकी वर्षं पेपर तपासतोय, पण या उत्तराला किती गुण द्यावेत ते आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही.

प्रशिक्षकबाई रागावल्या नाहीत. जाळीची चटई ओढून सगळं कोर्ट सारखं करायचं आणि रेषा झाडायच्या, हे काम खेळ संपल्यावर सगळेच करतात. त्या दिवशी ते त्यांनी हिला एकटीला करायला लावलं. दुल्हेभाई मात्र तापले होते. हाराची आठवण निघाली. मग त्यांनाच वाईट वाटलं आणि दुपारच्या गाडीने ते पोरीला पाल्मा शहरात घेऊन गेले. तासाभराचा रस्ता, वाटेत बदामाची झाडं.

पाल्मा म्हणजे जुनं मदीना मयूरका. 902-03 च्या सुमारास मुसलमान या बेटावर आले. आरागॉनचा राजा पहिला हाइमे याने 1229 साली शहर जिंकेपर्यंत त्यांचीच सत्ता होती. त्या काळातलं आता फारसं उरलेलं नाही. एक हमाम मात्र आहे. छोटीशी चौकोनी खोली, वर घुमट, घुमटाला गोल झरोके, आणि तो तोलणारे बारा खांब. पोरीने खांब मोजले. तिच्या लक्षात आलं की खांबांचे माथे एकासारखे एक नाहीत. ते आणखी जुन्या इमारतींतून काढून आणून बसवलेले आहेत, असं मानतात. ती अर्धा तास तिथेच बसून होती. दुल्हेभाईंना वाटलं पोरगी दमली.

बाहेर भूक लागली. दुकानात एन्साइमादा नावाची गोल, वेटोळी, साखर भुरभुरलेली पाव-मिठाई दिसली. दुल्हेभाईंनी हातात घेऊन परत ठेवली. बरं केलं! या बेटाच्या भाषेत 'साइम' म्हणजे डुकराची चरबी, आणि मिठाईचं नाव त्यावरूनच पडलंय. कोणी तिकडे जाणार असाल तर लक्षात ठेवा. त्याऐवजी पाव, त्यावर टोमॅटो चोळलेला आणि ऑलिव्हचं तेल, असं तिथलं साधं खाणं मिळतं. पोट भरतं.

त्या ऑलिव्हला स्पॅनिशमध्ये 'अथेइतुना' म्हणतात, हे तिने सांगितलं आणि आमच्यातला उर्दूचा मास्तर जागा झाला. अरे, हे तर आपलं जैतून! अरबी 'अज़-ज़ैतूना'. मग तिला आठवलं, प्रशिक्षकबाई सारखं 'ओहाला' म्हणतात. सोमवारी पाऊस नको, ओहाला. गुडघा बरा होवो, ओहाला. हा शब्दही अरबी बोलण्यातूनच आलाय, 'अल्लाहने चाहलं तर' अशा अर्थाचा, असं आम्ही सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

"खाला, सोमवारी परत त्याच मुलीशी मॅच आहे."

"मग?"

"मी तिला विचारणार आहे, तुला तो आत दिसला होता का. इंग्रजी तिला थोडंच येतं. ओहाला, समजेल."

तेवढ्यात आपाने फोन ओढून घेतला. इतका वेळ ती बाजूला बसून सगळं ऐकत होती. ना सेटचं विचारलं, ना हमामाचं. व्हिडिओत पोरीचे मोजे दिसले होते, पार विटकरी झालेले. ही माती कशाने निघते आणि गरम पाणी घातलंस की गार, यावर पुढची दहा मिनिटं गेली.