घोड्याला चौथरा मिळाला, पादचाऱ्याचे काय?

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा फेब्रुवारी 2022 मध्ये नव्या, उंच चौथऱ्यावर विराजमान झाला. त्या खर्चाबद्दल शहराची कुरकुर नाही, आमचीही नाही. अडचण आहे ती चौथऱ्याच्या पायथ्याशी. उड्डाणपुलामुळे जालना रोडवरची सरळ जाणारी वाहने वरून सुसाट निघतात. खाली उरतात वळणाऱ्या गाड्या, रिक्षा, पायी माणूस आणि लग्नसराईत वरातीची बिचकलेली घोडी.

ब्रिटनमध्ये घोडेस्वारांना रस्ता ओलांडण्यासाठी वेगळा सिग्नल असतो. त्याचे बटण सुमारे 2 मीटर उंचीवर, म्हणजे खोगिरावरून हात पोहोचेल असे. एवढी चैन आम्हाला नको. आमचे मागणे दोन पायांवर चालणाऱ्यापुरते आहे. पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये बजावले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे पदपथाची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर हवी. शहरात त्या रुंदीवर हातगाडी, जाहिरातीचा फलक, उभी दुचाकी असे सगळे मावते. आजीबाई तेवढ्या मावत नाहीत.

पुलांना कोट्यवधी लागतात. झेब्रा पट्टे, दुभाजकात थांबायला जागा आणि पादचाऱ्यांसाठी पुरेशा सेकंदांचा हिरवा दिवा, हा खर्च त्यापुढे दर्यात खसखस. तरी दरवेळी मागे पडतो तोच, कारण पट्ट्यांचे उद्घाटन करता येत नाही, फीत कापता येत नाही.

महापालिकेने अंदाजपत्रकात पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र तरतूद करावी, आणि 19 फेब्रुवारीला शिवजयंतीची गर्दी या चौकात लोटण्याआधी निदान पट्टे तरी रंगवावेत.