फ्रेंचच्या वर्गात मराठीला बंदी का?

फ्रेंच शिकणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : टेबल स्त्रीलिंगी का? इंग्रजाने तो विचारावा. भिंत, दरवाजा आणि घर यांना तीन वेगळी लिंगं देऊन सुखाने नांदणाऱ्या मराठी माणसाने कशाला?

खरी गाठ भूतकाळाशी पडते. ‘मी चिठ्ठी लिहिली’ म्हणजे ‘झे एक्री ला लेत्र’. पण ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणायचं तर ‘ला लेत्र क झे एक्रीत’! कर्म आधी आलं तर कृदंताने त्याचं लिंग घ्यायचं, नंतर आलं तर नाही. सोळाव्या शतकात क्लेमां मारो या कवीने इटालियनचा दाखला देऊन या नियमाचा पुरस्कार केला. (आमच्या बँकेत व्हाउचर वरचं असो की खालचं, खतावणीतली नोंद तीच असे.)

माझ्या नातीच्या वर्गात शिक्षिका मराठी, बहुतेक मुलं मराठी. तरी हा नियम इंग्रजीतून सांगितला जातो आणि घोकला जातो. इंग्रजीत असलं काही नाहीच, मग कळणार कसं? मराठीत मात्र निबंध लिहिला, चिठ्ठी लिहिली, पत्र लिहिलं. आपलं क्रियापद इथे कर्माच्याच तोंडाकडे बघतं. एवढं एक वाक्य मराठीत सांगितलं, की नियमाचा अर्धा भाग मुलांना घरचाच वाटेल; उरेल तो फक्त ‘आधी-नंतर’चा फ्रेंच हट्ट. पण मराठी बोलल्यास वर्गात ओरडा बसतो!

२०१८ साली बेल्जियममधल्या दोन माजी शिक्षकांनी हा नियम काढूनच टाका, असं सुचवलं. तिकडच्या मुलांची सोय होईल. मला मात्र ती ‘एक्रीत’ गेलेली चुकल्याचुकल्यासारखी वाटेल.