‘कॉपी झाली’ असं कॉम्प्युटर म्हणाला, पण खरंच झाली का? लिनक्समधली एक चूक आणि हिंगोलीचं लायगो

२०२३ च्या एप्रिलमध्ये हिंगोली जिल्हा देशभरच्या बातम्यांत होता. ६ एप्रिलला केंद्रीय मंत्रिमंडळाने औंढा नागनाथ तालुक्यातल्या लायगो-इंडिया प्रकल्पाला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. ११ मे रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणीही झाली.

या दोन तारखांच्या मध्ये, २३ एप्रिलला, लिनक्सची ६.३ ही आवृत्ती आली. तिच्याकडे सामान्य माणसाचं लक्ष जाण्याचं कारण नव्हतं. पण या आवृत्तीत एक चूक शिरली होती. ठरावीक परिस्थितीत नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल साठवताना मधले तुकडे गळून जात होते.

या चुकीचा लायगोशी थेट संबंध नाही. पण लायगोसारख्या प्रकल्पाचं आणि तुमच्या ऑफिसातल्या शेअर्ड फोल्डरचंही काम एकाच गोष्टीवर चालतं. फाइल जशी पाठवली तशीच ती पोचली पाहिजे. म्हणून ही चूक समजून घेऊ.

नेमकं काय बिघडलं?

ऑफिसातल्या सर्व्हरवर फाइल टाकताना तुमचा कॉम्प्युटर ती एकदम पाठवत नाही. ती आधी मेमरीत घेतो. या तात्पुरत्या जागेला बफर म्हणतात. नेहमीच्या कॉम्प्युटरमध्ये ही मेमरी ४,०९६ बाइटच्या ‘पानां’मध्ये वाटलेली असते.

एका खेपेला जास्तीत जास्त किती बाइट पाठवायचे, हे तुमचा कॉम्प्युटर आणि सर्व्हर सुरुवातीलाच ठरवतात. हा आकडा ४,०९६ च्या पटीत असला, तर काही अडचण नाही.

पण समजा, आकडा १०,००० ठरला. मग पहिल्या खेपेत दोन पानं पूर्ण जातात आणि तिसऱ्या पानातले फक्त १,८०८ बाइट जातात. पुढच्या खेपेची सुरुवात त्याच पानाच्या उरलेल्या भागापासून व्हायला हवी. नव्या कोडमध्ये मात्र ती थेट चौथ्या पानापासून होऊ शकत होती. म्हणजे दर खेपेला २,२८८ बाइट गायब. पोत्यातलं धान्य पायलीने मोजताना दरवेळी शेवटचं अर्धं माप जमिनीवर सांडावं आणि वहीत मात्र पूर्ण मापाची नोंद व्हावी, तसं.

हे झालं विंडोजच्या शेअर्ड फोल्डरशी जोडणाऱ्या लिनक्सच्या भागात. त्याला सीआयएफएस किंवा एसएमबी क्लायंट म्हणतात. पानांची यादी सांभाळण्याची जुनी पद्धत काढून नवी, अधिक सुटसुटीत पद्धत आणताना ही चूक आली. आधी नीट चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत बिघडते, तेव्हा तिला प्रोग्रामर ‘रिग्रेशन’ म्हणतात.

दहा महिने का लागले?

दुरुस्ती आली फेब्रुवारी २०२४ मध्ये. इतका वेळ जाण्याची कारणं समजण्यासारखी आहेत.

पहिलं, बहुतेक सर्व्हर ६५,५३६ किंवा त्याहून मोठा, ४,०९६ च्या पटीतला आकडा देतात. त्यांना काहीच झालं नाही. आडनिडा आकडा येण्याची शक्यता जुन्या सर्व्हरवर किंवा कुणी तो हाताने बदलला असेल तिथे जास्त.

दुसरं, फाइलचा आकार तेवढाच दिसू शकतो, कारण शेवटचा तुकडा योग्य जागी पोचलेला असतो. मधल्या जागी फक्त शून्यं.

तिसरं कारण सगळ्यात फसवं. कॉपी करून लगेच त्याच कॉम्प्युटरवर फाइल उघडली, तर ती सर्व्हरवरून नव्हे, आपल्याच मेमरीतून येऊ शकते. तिथे ती पूर्ण असते. तुटलेली प्रत दिसते दुसऱ्या कॉम्प्युटरवरून उघडल्यावर.

अशी चूक शोधतात कशी?

मूळ फाइल आणि पोचलेली प्रत बाइट-बाइट ताडून बघतात. भोकं ठरावीक अंतरावर असतील, तर डिस्क किंवा केबल खराब असण्याची शक्यता कमी होते. हार्डवेअरचा बिघाड सहसा असं मोजून-मापून होत नाही. मग संशय जातो कोडमधल्या हिशोबावर.

पुढची पायरी म्हणजे चांगली चालणारी जुनी आवृत्ती आणि बिघडलेली नवी आवृत्ती यांच्या बरोबर मधली आवृत्ती तपासायची. ती चांगली निघाली तर चूक पुढच्या अर्ध्यात, वाईट निघाली तर मागच्या अर्ध्यात. दरवेळी शोध निम्मा होतो. १६,३८४ बदल असले, तरी १४ चाचण्यांत नेमका बदल हाती लागतो.

स्टीव्ह फ्रेंच हे लिनक्सच्या या भागाची देखभाल करतात. त्यांनी केलेली दुरुस्ती साधी होती. आकडा ४,०९६ च्या पटीत खाली आणायचा. १०,००० आला तर ८,१९२ धरायचा, मात्र तो शून्यावर जाऊ द्यायचा नाही. हाताने चुकीचा आकडा दिला, तर इशारा द्यायचा. वेग थोडा कमी झाला तर चालेल, पण डेटा जाता कामा नये. पुढे जुलै २०२४ च्या ६.१० आवृत्तीत हा भाग नव्याने लिहिला गेला.

हिंगोलीला याचं काय?

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोला पहिली गुरुत्वीय लहर सापडली. तो संकेत सुमारे ०.२ सेकंदाचा होता. लायगोची मुख्य नोंद सेकंदाला १६,३८४ वेळा होते. प्रत्येक नोंदीला ८ बाइट धरले, तर तो अख्खा संकेत साधारण २६,००० बाइटमध्ये बसतो. वरच्या उदाहरणातली चूक तिथे झाली असती, तर त्यात दोन भोकं पडली असती. प्रत्येक भोक सुमारे १७ मिलिसेकंदांचं. आणि ती लहर पुन्हा येणार नाही.

म्हणूनच लायगोच्या संशोधनात डेटा वाटण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सीव्हीएमएफएस या व्यवस्थेत प्रत्येक फाइल तिच्या मजकुरातून काढलेल्या गणिती ठशाने ओळखली जाते. फाइल बदलली की ठसा जुळत नाही. औंढ्याची वेधशाळा सुरू होईल, तेव्हा तिच्या नोंदी पुण्यातल्या आयुकासारख्या संस्थांपर्यंत पोचवायच्या आहेत. तिथे चार किलोमीटरच्या भुजांइतकंच महत्त्व या ठशांनाही असेल.

तुम्ही काय करू शकता?

जमिनीचे कागद, लग्नाचे फोटो, दुकानाचा हिशोब असं काही सर्व्हरवर किंवा दुसऱ्या डिस्कवर टाकत असाल, तर तीन गोष्टी करा.

• मूळ फाइल लगेच डिलीट करू नका.
• पोचलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून उघडून बघा.
• महत्त्वाच्या फाइलचा शा-२५६ ठसा दोन्हीकडे काढून जुळवा. ही सोय विंडोज आणि लिनक्स दोन्हींत आधीपासून असते. ६४ अक्षरं-आकडे तंतोतंत सारखे आले, तरच प्रत बरोबर.

आणि ऑफिसात जुना सर्व्हर असेल, तर कॉम्प्युटर अपडेट केल्यावर पहिल्या दिवशी ही तपासणी नक्की करा. नव्या अपडेटची चाचणी बहुतेकदा नव्या यंत्रांवर झालेली असते. जुन्या यंत्रावर ती आपल्यालाच करावी लागते.