विश्लेषण : स्क्रीनवरच्या चाचणीतून स्मृतिभ्रंश लवकर कळेल?

‘वय झाले, विसरणारच’ असे म्हणून घरोघरी जो विषय मिटवला जातो, त्याची मोजणी आता टॅबलेटवर होऊ लागली आहे. पण कराड-पाटण, वाळवा-शिराळा भागातील ज्येष्ठांसाठी हे मोजमाप कितपत खरे ठरेल?

चर्चा आता का?
२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लासी-डॅड’ या राष्ट्रीय अभ्यासाचा अंदाज असा की, साठीपुढील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. शहरांत हे प्रमाण ५.३, तर ग्रामीण भागात ८.४ टक्के आहे. त्याच वर्षी अमेरिकेत अल्झायमरवरील ‘लेकॅनेमॅब’ला पूर्ण मंजुरी मिळाली. हे औषध आजार बरा करत नाही, त्याचा वेग थोडा कमी करते. तेही फक्त सुरुवातीच्या टप्प्यात. म्हणून संशोधकांना आजार लवकर ओळखायचा आहे.

संगणक वेगळे काय करतो?
१९७५ पासून वापरात असलेल्या ‘एमएमएसई’ या तोंडी-लेखी चाचणीत ३० पैकी गुण मिळतात. सुशिक्षित व्यक्ती सुरुवातीच्या टप्प्यात त्यात सहज निभावून जाते. केंब्रिजमध्ये १९८०च्या दशकात तयार झालेल्या ‘कँटॅब’मध्ये स्क्रीनवरील चौकटी एकेक करून उघडतात आणि कोणती आकृती कोणत्या चौकटीत होती, हे आठवून बोट लावायचे असते. किती चुका झाल्या, उत्तराला किती वेळ लागला, याची नोंद यंत्र करते.

मग अडचण कुठे?
यंत्र वेळ अचूक मोजते, पण उशीर का झाला हे सांगत नाही. मोतीबिंदू, कमी ऐकू येणे, शेतीकामाने राठ झालेली बोटे किंवा स्क्रीनची भीती, यातल्या कशानेही गुण घटतात. शाळा न पाहिलेल्या आजीची तुलना पदवीधराशी केली, तर निरोगी आजीही आजारी ठरते. म्हणूनच हरियाणातील बल्लभगडमध्ये निरक्षरांना जमतील असे प्रश्न घेऊन हिंदी चाचणी तयार झाली. तिचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘आयसीएमआर’च्या चाचणीसंचाच्या पहिल्या पाच भारतीय भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम होत्या. त्यात मराठी नव्हती. केवळ भाषांतर करूनही भागत नाही. आपल्याकडच्या वय आणि शिक्षणानुसार ‘सामान्य’ गुण किती, हे आधी ठरावे लागते.

घरच्यांनी काय करावे?
एका चाचणीपेक्षा त्याच माणसात वर्षभरात झालेला बदल अधिक सांगतो. तो रोज सोबत राहणाऱ्यालाच दिसतो. मुले मुंबई-पुण्याला असलेल्या घरांत नेमके तेच माणूस नसते. ओळखीचा रस्ता चुकणे, पैशांचा हिशेब न जमणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, असे दिसले तर मोबाइल अॅपवर निकाल शोधू नका, डॉक्टरांना दाखवा. बी-१२ची कमतरता आणि थायरॉइडमुळेही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत. रक्तदाब, मधुमेह व श्रवणशक्तीही तपासून घ्यावी. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे.

चाचणीतले कमी गुण म्हणजे निदान नव्हे. ती पुढच्या तपासणीची सूचना आहे.