खुर्चीला तिसरे चाक

आपल्या घरांत दिव्यांग माणसाची खिदमत मनापासून होते. पण त्याचे बाहेर पडणे मात्र दुसऱ्याच्या सवडीवर राहते. तामलवाडीसारख्या गावात मातीत, खडीत व्हीलचेअरची पुढची छोटी चाके रुततात आणि ती रेटताना खांदे भरून येतात. हाताने चालवायची तीनचाकी सायकल आहे, पण तिच्यात बसवायला-उतरवायला अनेकांना दोन माणसे लागतात.

यावर उपाय म्हणजे खुर्चीलाच पुढून जोडायची हँडसायकल. ती लावली की छोटी चाके जमिनीपासून उचलली जातात आणि मोठे चाक खड्डे पार करते. दोन्ही हातांनी पेडल फिरवायचे. छाती, दंड आणि दम यांचा व्यायाम होतो. घरी आल्यावर ती काढली की तीच खुर्ची दारातून आत येते. आयआयटी मद्रासमध्ये घडलेले ‘निओबोल्ट’ असेच जोडले जाते, पण ते मोटारीवर चालते. व्यायामाला हाताचेच हवे.

घेण्याआधी आपल्या खुर्चीच्या सांगाड्याला ती बसते का, हे पाहावे. घडीच्या प्रत्येक खुर्चीला बसत नाही. फिरायला फज्रनंतरची, उजाडल्यावरची वेळ बरी, कारण मणक्याला वर इजा झालेल्यांना घाम नीट येत नाही आणि ऊन बाधते. सुरुवात दहा मिनिटांनी करावी. अधूनमधून अंग उचलून बसावे, नाहीतर जखमा होतात. सोलापूर-तुळजापूर महामार्ग टाळून शिवाररस्ता धरावा.

आणि घरच्यांनी मागून ढकलू नये. सोबत चालावे, एवढे पुरे.