हँडब्रेक सुटत नाही म्हणून तो सोडून देऊ नका

गेल्या जुलैतल्या एका रविवारी दुसरी मिस्सा चालू असताना देवळाच्या आवारात उताराला लावलेली भाजीची एक पिकअप आपोआप सरकली. चाकाखालचा दगड तांबड्या चिखलात रुतला आणि गाडी कुंपणाच्या गडग्यावर जाऊन आदळली. पाच मिनिटांपूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गाची मुले त्याच गडग्यावर बसली होती. देवाच्या कृपेने कोणाला इजा झाली नाही. "हँडब्रेक का ओढला नाहीस?" असे मी ड्रायव्हरला विचारले. तो म्हणाला, "फादर, पावसाळ्यात तो धरतो, मग सुटत नाही. दोन वर्षं ओढलाच नाही."

त्या पोराला रागावण्याचा अधिकार मला नव्हता. धर्मग्रामाच्या गाडीलाही मी तोवर दगडच लावत असे.

आपल्या खानापूर तालुक्यात, विशेषतः जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, पाऊस कसा कोसळतो हे सांगायला नको. भाजी-रताळी घेऊन चोर्ला घाटाने गोव्यात उतरणाऱ्या गाड्यांच्या अंगाला चार महिने चिखल सुकत नाही. अशा गाडीचा हँडब्रेक अडकणे हा ड्रायव्हरचा दोष नव्हे. मात्र अडकला म्हणून तो कायमचा टाकून देणे, हा आपणा सर्वांचा दोष आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बहुतेक पिकअपांत हँडब्रेकचा दांडा ओढला की केबल ताणली जाते, मागच्या दोन्ही ड्रमांतील ब्रेक-शू फाकतात आणि ड्रमला आतून घट्ट धरतात. दांडा सोडला की स्प्रिंगांनी ते मागे यायला हवेत. केबलीवरचे रबर फाटले तर पाणी आत शिरते, तार गंजते आणि परत सरकत नाही. कधी ड्रमच्या आतील लिव्हर गंजतो, कधी स्प्रिंग तुटते. कधी गाडी धुऊन, ब्रेक ओढून चार दिवस उभी ठेवली तर ओले लायनर ड्रमलाच चिकटतात. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर भिस्त ठेवू नका. दांडा खाली आला एवढेच तो सांगतो. शू सुटले की नाही हे त्याला कळत नाही.

दोष कोठे आहे हे ओळखण्याची रीत सोपी आहे. सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा आणि मागचे चाक जॅकवर उचलून भक्कम आधार द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही शिरू नये. चाक हाताने फिरवून पाहा. जड जात असेल तर मेस्त्रीला केबल ढिली करायला सांगा. चाक लगेच मोकळे झाले तर दोष केबलीत किंवा तिच्या जास्त ताणात आहे; तरीही अडले तर ड्रम उघडायलाच हवा. हे मालकाने स्वतः उभे राहून पाहावे. नाहीतर केबल ढिली करून गाडी परत मिळते. ती मोकळी धावते, पण ब्रेक उरत नाही. गंजलेली केबल तेल घालून काही दिवस चालते. ती बदलणे हाच खरा उपाय. शूंना मात्र तेल किंवा ग्रीस कदापि लागू देऊ नका.

आरोग्याच्या दृष्टीनेही दोन गोष्टी सांगतो. ड्रममधली काळी भुकटी फुंकून किंवा हवा मारून उडवू नका. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांना घातक असते. ओल्या फडक्याने पुसा. दुसरे, अडकलेल्या ब्रेकने गाडी हाकली तर ड्रम तापतो, जळका वास येतो, ब्रेक-ऑइलला उकळी येऊ शकते आणि मग ऐन घाटात पायाचा ब्रेकही दगा देतो. वास आला की थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तो तडकू शकतो. आपोआप निवू द्या.

पाण्यातून आल्यावर थोडे अंतर हळू चालवत ब्रेक हलकेच दाबून सुकवावेत. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावून, हँडब्रेक सोडून ठेवावी. उतारावर मात्र हँडब्रेक, गिअर आणि ठोकळा ही तिन्ही हवीत. गाडीचे तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२६ वे कलम सांगते की, चालक सीटवर नसताना गाडी आपोआप हलणार नाही अशी व्यवस्था केलेली असावी. पण ख्रिस्ती माणसाला त्याहून जुना कायदा ठाऊक असायला हवा. अनुवादाच्या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायाच्या आठव्या वचनात, नवे घर बांधणाऱ्याला धाब्याला कठडा घालण्याची आज्ञा आहे. कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येऊ नये म्हणून. कठडा घरमालकाने घालायचा आहे, वर चढणाऱ्याने नव्हे. हँडब्रेक हा आपल्या गाडीचा कठडाच आहे.

म्हणून माझे सांगणे ड्रायव्हरांपेक्षा मालकांना अधिक आहे. केबलीचा खर्च पगारी पोराच्या माथी मारू नका. तो "ब्रेक धरतो" म्हणाला, तर भाजीची एक खेप चुकली तरी चालेल, गाडी त्याच दिवशी मेस्त्रीकडे न्या. धर्मग्रामाच्या गाडीला मी नवीन केबली घातल्या आहेत. येत्या रविवारपासून देवळाच्या उतारावर नुसता दगड लावलेली गाडी दिसली, तर मिस्सेनंतर तिच्या मालकाला मी स्वतः भेटणार आहे.