वहीतले पैसे आणि पासबुकातले पैसे

आषाढी पौर्णिमा जवळ आली की वस्तीवस्तीतल्या विहारांत वर्षावासाची तयारी सुरू होते. ग्रंथवाचनाला कोण बसणार, खीरदान कोणाकडून, भोंगा कोणाचा, हे ठरण्याआधी समितीची बैठक होते आणि बैठकीत हिशेब वाचला जातो. हिशेब म्हटला की निम्मी माणसे जांभया देतात आणि निम्मी भांडायला बसतात. आमच्या वस्तीत मागच्या खेपेला भांडणाचीच पाळी आली होती.

विहाराचा पैसा सांभाळणाऱ्या ताई अंगणवाडीत मदतनीस आहेत. शिक्षण बेताचे, पण अक्षर नेटके. ३० जूनअखेर त्यांच्या वहीप्रमाणे बँकेत ४२,६५० रुपये असायला हवे होते. पासबुक भरून आणले तर त्यात ४१,५३७. म्हणजे १,११३ रुपये कमी. मागच्या रांगेतून आवाज आला, "कमी पडले म्हणजे गेले कुठे?" कोणी नाव घेतले नाही, पण सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळल्या. ताईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "माझ्या पगारातून भरते, पण विषय वाढवू नका."

आम्ही त्यांना तिथेच थांबवले. वाचक बंधू-भगिनींनो, ही गोष्ट गाठीला बांधून ठेवा. हिशेबात कमी पडले म्हणून पदरचे पैसे कधीही भरू नयेत. त्याने न केलेला गुन्हा कबूल केल्यासारखे होते आणि चूक वहीत तशीच राहते. आधी मेळ घालावा, मग बोलावे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विहाराच्या सतरंजीवर वही, पासबुक, चेकबुकाच्या स्थळप्रती आणि पावत्यांची फाइल घेऊन बसलो. पद्धत अगदी सोपी आहे. वहीतली एक नोंद वाचायची, ती पासबुकात शोधायची, सापडली की दोन्हीकडे पेन्सिलीने टिक करायची. शेवटी ज्यांच्यापुढे टिक नाही त्याच नोंदी पाहायच्या. सगळा फरक तेवढ्यातच असतो.

टिक न झालेल्या नोंदी दोन प्रकारच्या निघाल्या. पहिला प्रकार म्हणजे आपल्याला ठाऊक, पण बँकेपर्यंत न पोचलेले. पत्र्याच्या शेडच्या कारागिराला ८,४०० रुपयांचा चेक दिला होता, तो त्याने अजून बँकेत भरलाच नव्हता. एका दानशूर कुटुंबाचा ११,००० रुपयांचा चेक ताईंनी ३० जूनला सायंकाळी बँकेच्या पेटीत टाकला आणि त्याच दिवशी वहीत लिहिला. बँकेत तो दुसऱ्या दिवशी जमा झाला. तेव्हा पासबुकाच्या ४१,५३७ मध्ये हे ११,००० मिळवायचे आणि देणे असलेले ८,४०० वजा करायचे. उत्तर येते ४४,१३७.

दुसरा प्रकार म्हणजे बँकेला ठाऊक, पण आपल्या वहीत न लिहिलेले. बँकेने व्याजाचे ४१५ रुपये जमा केले होते. चेकबुकाचा आकार करासह ११८ रुपये कापला होता. पुण्याला नोकरी करणाऱ्या वस्तीतल्या एका मुलाने मोबाइलवरून १,१०० रुपये थेट खात्यात पाठवले होते आणि कळवायला विसरला होता. वहीतल्या ४२,६५० मध्ये ४१५ आणि १,१०० मिळवले, ११८ वजा केले, तर आले ४४,०४७. अजून ९० रुपयांचा फरक उरला.

इथे एक जुनी युक्ती कामी आली. उरलेला फरक नऊने भागला जात असेल तर लिहिताना आकड्यांची अदलाबदल झाली आहे का, ते आधी पाहावे. तसेच निघाले. विजेच्या बिलाचा चेक १,५६० चा, वहीत लिहिला होता १,६५०. ते ९० रुपये मिळवले आणि दोन्ही बाजू ४४,१३७ वर येऊन थांबल्या. विहाराचा एक पैसाही कुठे गेला नव्हता. उलट वही दाखवत होती त्यापेक्षा १,४८७ रुपये जास्तच आपले होते.

पुढच्या बैठकीत हे पत्रक मोठ्याने वाचले. मागच्या रांगेतले काका उठून उभे राहिले, म्हणाले, "ताई, चुकलं आमचं." ताई काही बोलल्या नाहीत, पण हिशेबाची वही त्यांनी परत आपल्याकडे घेतली. आम्हांला तेवढे पुरे होते.

आपण पंचशील घेताना न दिलेले घेणार नाही असे रोज म्हणतो. पण ज्याने घेतलेले नाही त्याच्यावर पुराव्याशिवाय आळ घेणे हेही शीलाला धरून नाही. चोख हिशेब चोराला पकडतो, तसाच प्रामाणिक माणसाला वाचवतो. विहार नोंदणीकृत असेल तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याप्रमाणे हिशेब ठेवावाच लागतो. कायद्याच्या भीतीपेक्षा आपल्या माणसांच्या अब्रूसाठी तो ठेवावा, असे आम्हांला वाटते.

आपल्या आजोबा-पणजोबांना वही म्हटली की सावकाराची वही आठवे. आकडा त्याचा, अक्षर त्याचे, आपला फक्त अंगठा. त्याच समाजातून आलेल्या बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. मुंबईत १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवत होते, ही गोष्ट आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. हिशेबनिसांना कायदा शिकवणाऱ्याची आपण लेकरे. मग आपली वही दुसऱ्याने का लिहावी?

हेच शिस्तीचे काम बचत गटाला, शिवणकामाला, भाजीच्या आणि वडापावच्या गाडीलाही लागू आहे. धंद्याचा पैसा आणि घराचा पैसा एका डब्यात ठेवू नये. घरासाठी उचलले तर "घरखर्चासाठी उचल" असे लिहावे. रोजच्या विक्रीचे तीन रकाने करावेत : रोख, मोबाइलवरून आलेले आणि उधारी. ग्राहकाने मोबाइलचा पडदा दाखवला म्हणजे पैसे आले असे नव्हे. खात्यात जमा दिसले तरच आले. खर्चाला पावती घ्यावी, मिळाली नाही तर साध्या कागदावर तारीख, रक्कम आणि कारण लिहून देणाऱ्या-घेणाऱ्याची सही घ्यावी. नोंद त्याच दिवशी करावी. चुकली तर खाडाखोड न करता एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहावा आणि सही करावी.

पासबुक महिन्यातून एकदा भरून आणावे आणि त्याच दिवशी मेळ घालावा. तीन महिने उलटले की चेक बाद होतो. हा नियम १ एप्रिल २०१२ पासून आहे, त्याआधी मुदत सहा महिन्यांची होती. म्हणून दिलेला चेक वटला नसेल तर समोरच्याला आठवण करावी. पासबुकात न केलेला व्यवहार दिसला तर त्याच दिवशी बँकेला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. मोबाइलवरून फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. उशीर झाला की पैसा परत मिळणे कठीण होते.

आणि एक विनंती. हे काम घरातल्या आठवी-नववीतल्या मुलामुलींना शेजारी बसवून करावे. एकाने वाचावे, दुसऱ्याने टिक करावी. आमच्या विहारात आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर ताई अशाच बसतात आणि टिक करायला वस्तीतल्या दोन मुली असतात. पुढच्या वर्षी खजिनदार कोण होणार, याची काळजी आम्ही आता सोडली आहे.

जय भीम!